खिल्लारे बाईंनी निवडलेली भाषा

खिल्लारे बाईंनी आमच्या शाळेत आवाज चढवला तो एकदाच, आणि तोही एका भाषेवरून. भाषा म्हणजे मराठी, उर्दू, इंग्रजी यांतली नव्हे. परभणीत या तिन्हींवरून अधूनमधून वाद व्हायचे, पण बाई त्यात पडत नसत. त्यांचं भांडण झालं ते संगणकाच्या भाषेवरून, आणि तेही अशा काळात की शाळेतल्या बहुतेकांनी संगणक फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलेला होता.

हे आठवायला कारण माझी नात. ती सहावीत गेली, आणि तिला प्रोग्रामिंग शिकवायचं असं माझ्या मुलानं ठरवलं. कोणती भाषा आधी घ्यावी यावर जेवताना नवराबायकोची चर्चा चालली होती. कुठल्या भाषेला पुढं मागणी आहे, कुठली कंपन्यांत चालते, शेजारचा मुलगा कुठली शिकतो. मी जेवत होतो. शेवटी सून म्हणाली, "बाबा, तुमच्या शाळेत संगणक होते ना? तुम्हाला काय वाटतं?"

"मी इंग्रजीचा मास्तर, मी काय सांगणार," मी म्हणालो. "पण आमच्याकडं एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं असतं."

त्या रात्री मी पोरांना जे सांगितलं ते थोडं होतं. बरंच सांगायचं राहिलं. ते इथं लिहितो आहे.

शांता खिल्लारे गणित शिकवायच्या. उंच, सडपातळ, खांदे किंचित पुढं झुकलेले. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, उजव्या हाताची बोटं कायम खडूनं पांढरी. मूळच्या जिंतूर तालुक्यातल्या, चारठाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि धाकटा भाऊ यांच्याबरोबर परभणीत स्टेशनमागच्या वस्तीत राहायच्या आणि घंटा होण्याच्या बऱ्याच आधी शाळेत येऊन व्हरांड्यात उभ्या राहायच्या. पोरं फाटकातून आत येत आणि बाई त्यांच्या पायांकडं बघत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "तोंडं काय, तोंडं हसतीलच. पाय बगितले की कळतं कोण किती लांबून आलंय अन् कुणाची चप्पल गेलीय. त्या पोरांना पहिल्या तासाला उगं उभं करायचं न्हाई."

फळ्यावर गणित सोडवताना मूल चुकलं तर त्या 'चूक' असं कधी म्हणत नसत. खडू त्याच्याच हातात ठेवायचा आणि विचारायचं, "वाट कुठं बदलली, दाखव." मूल वरून खाली एकेक पायरी वाचत यायचं आणि मध्येच थांबायचं. बाई म्हणायच्या, "हां. तिथून चल आता." यात वेळ जायचा. त्यांचा अभ्यासक्रम नेहमी मागं राहायचा आणि हेडसर दर सहामाहीला त्यांना त्याबद्दल बोलायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच करायच्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारच्या एका योजनेत आमच्या शाळेला दोन संगणक मिळाले. ते येण्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघांना प्रशिक्षणाला नांदेडला पाठवलं. विज्ञानाचे कदम सर, गणिताच्या खिल्लारे बाई, आणि मी. मला पाठवण्याचं कारण एवढंच की माहितीपुस्तकं इंग्रजीत होती.

कदम सर पोखर्णीचे. घरची शेती मोठी, स्वभाव मोकळा, आवाज दणदणीत. विज्ञान मनापासून शिकवायचे. संगणकाचा ताबा त्यांच्याकडंच येणार हे आधीपासून ठरलेलं होतं.

नांदेडला आम्हाला बेसिक नावाची भाषा शिकवली. ओळीला आकडा द्यायचा, पुढं इंग्रजी आज्ञा लिहायची, आणि ओळी संपल्या की यंत्र त्या आकड्यांच्या क्रमानं काम करायचं. आम्ही ओळी उतरवून घेत होतो आणि पाठ करत होतो. एका दुपारी तिथल्या एका तरुण प्रशिक्षकानं गंमत म्हणून दुसरी एक भाषा दाखवली. तिचं नाव लोगो. पडद्यावर एक छोटा त्रिकोण, त्याला ते कासव म्हणत. पुढं जा म्हटलं की ते रेघ ओढत पुढं जायचं, वळ म्हटलं की जागेवर वळायचं. सगळे हसले आणि चहाला गेले. बाई उठल्या नाहीत.

"याला नवा शब्द शिकवता येतो का?" त्यांनी त्या मुलाला विचारलं.

"येतो की मॅडम. तुम्ही शब्द ठरवायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. मग तो शब्द त्याचा झाला."

"कोणत्या भाषेतलाबी?"

"अक्षरं इंग्रजी लागतील. शब्द तुमचा."

परतीच्या गाडीत बाई पूर्णेपर्यंत वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "इंग्रजीवाले, अक्षरं त्यांची अन् शब्द आपले. चालंल का असं?" त्या मला नेहमी 'इंग्रजीवाले' म्हणत.

"चालेल की," मी म्हणालो. "आपण तार तशीच तर करतो, इंग्रजी अक्षरांत मराठी."

बाई हसल्या. त्यांचं हसू दुर्मिळ होतं, म्हणून लक्षात राहिलं.

जूनमध्ये संगणक आले आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला की मुलांना कोणत्या भाषेपासून सुरुवात करून द्यायची. कदम सरांचं म्हणणं सरळ होतं. "बेसिक मशीनमधीच भरलेली हाय. चालू केलं की समोर. पुस्तक बेसिकचं, ट्रेनिंग बेसिकचं, तपासणीला सायेब येतील तेबी तेच इचारतील. मंग कासवाचा खेळ कशापायी?"

बाई उभ्या राहिल्या. "सर, बेसिकमध्ये पोरगं चुकलं की मशीन काय लिहितं? 'मिस्टेक'. कुठं चुकलं, कसं चुकलं, काही न्हाई. नुसतं मिस्टेक. तू चुकलास हे ऐकायची आपल्या लेकरांना लय सवय हाय. घरी ऐकतेत, शाळेत ऐकतेत, दुकानात ऐकतेत. कासव चुकलं तर डोळ्याला दिसतं. भिंत वाकडी गेली तर वाकडीच दिसती. मंग लेकरू सोताच म्हणतं, आरं, इथं जास्त वळलं. पहिली भाषा अशी पाहिजे. बेसिक शिकवा ना, कोण नको म्हणतंय. पण नंतर."

हेडसर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तसं पाहिलं तर संगणक हा हुशार मुलांचा विषय. अ तुकडीला बेसिक जमेल. कासव वगैरे बालवाडीला ठीक आहे."

तेव्हा बाईंचा आवाज चढला. "हुशार कोण हे ठरवायला आधी खोलीत तर येऊ द्या सगळ्यांना!"

शिपाई दारातून डोकावून गेला. बाई खाली बसल्या, पदरानं कपाळ पुसलं, आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मला क तुकडी द्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. बाकी आठवडाभर मशीन सरांचं."

हे हेडसरांनी मान्य केलं. मला वाटतं, क तुकडीतली मुलं शनिवारी शाळा सुटल्यावर थांबणार नाहीत अशी त्यांची खात्री होती.

अडचण अशी की लोगो त्या यंत्रात नव्हती. तिची चिप वेगळी यायची आणि यंत्र उघडून आत बसवावी लागायची. बाई एकट्या नांदेडला गेल्या, त्या प्रशिक्षकाला भेटल्या आणि चिप घेऊन आल्या. जेवणाच्या डब्याच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळून. यंत्र उघडायला कदम सर तयार होईनात. बाईंनी शिवणयंत्राचा पेचकस आणला होता. सर बॅटरी धरून उभे राहिले, मी माहितीपुस्तक वाचून दाखवत होतो, आणि आमच्या दोघांच्याही कपाळावर घाम होता. बाईंनी चिप बसवली, झाकण लावलं, पेच आवळले आणि म्हणाल्या, "लावा."

कासव आलं.

पहिल्या शनिवारी क तुकडीतली सगळी मुलं थांबली. एकानं विचारलं, "बाई, कासव म्हंजे देवळात असतंय तसलं का?" बाई म्हणाल्या, "देवळातलं मी लांबूनच पाह्यलंय. पण ते जागचं हालत न्हाई. हे आपण सांगू तिकडं जातं."

त्या वर्गात वच्छला नावाची मुलगी होती. पिंगळीहून रोज गाडीनं यायची. माझ्या इंग्रजीच्या तासाला तिनं वर्षभरात तोंड उघडलेलं नव्हतं. वाचायला उठवलं की ती पुस्तकाकडं बघत उभी राहायची आणि मी शेवटी तिला बसवायचो. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "याला पुढं जायला सांगायचं हाय. तू घरी भावाला काय म्हणतीस?"

"पुढं हो म्हणते."

"मंग शिकव त्याला 'पुढं'."

एकेक अक्षर शोधत वच्छलानं तो शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप केला. त्याचा अर्थ कसा सांगायचा ते बाईंनी दाखवलं. मग तिनं 'पुढं' लिहिलं, त्यापुढं शंभराचा आकडा लिहिला, आणि बटण दाबलं. कासव रेघ ओढत वर गेलं. वच्छलानं पटकन मागं वळून बघितलं, कुणी रागावतंय की काय म्हणून. कुणी रागावलं नाही. तिनं पुन्हा एकदा बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात शब्दांवरून भांडणं सुरू झाली. कुणी म्हणे 'वळ', कुणी म्हणे 'फीर'. सलीमला 'आगे' पाहिजे होतं. मराठीच्या सरांनी स्टाफरूममध्ये तक्रार केली की बाई मुलांना 'पुढं' असं अशुद्ध शिकवायल्यात, 'पुढे' पाहिजे. बाई म्हणाल्या, "सर, तुमचं 'पुढे' अन् आमचं 'पुढं', दोन्ही एकाच जागी जातेत. लेकरू निघालं पाहिजे." आणि त्यांनी सगळ्यांना आपापला शब्द ठेवू दिला. यंत्र 'आगे'लाही पुढं जात होतं आणि 'पुढं'लाही.

चौकोन जमला, मग मुलं घराचा नकाशा काढायला लागली. वरून बघितल्यासारखा. भिंती, पुढची ओसरी, चुलीची जागा. बाई पडद्याशी बसलेल्या प्रत्येकाजवळ जायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "मागचं दार कुठाय?" पोरं म्हणायची, आमच्या घराला मागचं दार न्हाईच. बाई म्हणायच्या, "मशीनवर तर काढशील? काढ." दर वर्षी, दर मुलाला. मला तो शिकवण्याचा भाग वाटायचा, मोजमापात फट सोडायला शिकवण्याचा.

त्याचं कारण मला त्यांच्या आईकडून कळलं. बाई तापानं आजारी होत्या म्हणून मी घरी गेलो होतो. बाई आत झोपलेल्या. आई दारात गोधडी शिवत बसली होती. मी बोलता बोलता म्हणालो की बाई पोरांकडून घरं फार छान काढून घेतात. म्हातारी सुई थांबवून म्हणाली, "मागलं दार काढाया लावती का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या घराला एकच दार व्हतं, मास्तर."

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्यांच्या खेड्यातही माणसं वस्तीवर चालून आली. पुढच्या दाराला आग लावली. आत चौघं होती. बाईंच्या वडिलांनी मागच्या भिंतीचा पत्रा उचकटला, आधी बायकोला, मग पोराला, मग शांताला बाहेर ढकललं. "पत्रा धरूनच उभं व्हते ते," म्हातारी म्हणाली, "तापलेला. आमी भाईर पडलो अन् मंग छप्पर खाली आलं." तिनं एवढंच सांगितलं आणि पुन्हा दोरा सुईत ओवायला घेतला. बाई तेव्हा औरंगाबादहून पदवी घेऊन गावातल्याच शाळेत लागल्या होत्या. त्यानंतर ती तिघं परभणीला आली ती परत गेली नाहीत.

मी बाईंना हे कळल्याचं कधी बोललो नाही. पण त्यानंतर शनिवारी त्यांच्या खोलीत मुलांनी मागचं दार काढलं की मी दुसरीकडं बघायचो.

दुसऱ्या वर्षी एक मोठे पाहुणे संगणकाची खोली बघायला आले. त्यांनी भाषणात सांगितलं की हे नवं यंत्र कुणाची जात विचारत नाही, कुणाचं आडनाव विचारत नाही. टाळ्या पडल्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, किती खरं बोलले. बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मशीन इचारत न्हाई, खरं हाय. मशीनच्या खोलीची किल्ली ज्याच्याजवळ असती तो इचारतो."

किल्ली कदम सरांकडं होती. ते खिडकीशी उभे होते.

त्याच हिवाळ्यात तपासणीचं पत्र आलं. वरून अधिकारी येणार, मुलांचं संगणकज्ञान बघणार. हेडसरांनी ठरवलं की तपासणी होईपर्यंत यंत्रावर फक्त अ तुकडी बसेल. शनिवार बंद. बाईंनी विचारलं, "किती दिवस?" हेडसर म्हणाले, "बघू." खोलीला कुलूप लागलं.

त्या शनिवारी क तुकडी सवयीनं थांबली होती. बाईंनी त्यांना मैदानावर नेलं. खेळाच्या खोलीतून कबड्डीच्या रेघा मारायची फक्की आणली, एका डब्याला बुडाशी भोक पाडलं, आणि तो डबा सलीमच्या हातात दिला. त्याचे डोळे रुमालानं बांधले. "हा आता कासव. ह्याला स्वतःचं डोकं न्हाई. तुमी सांगाल तसा चालंल." मुलं लांबून ओरडायची, 'पुढं धा', 'वळ', 'पुढं पाच', आणि सलीम पावलं मोजत चालायचा, मागं पांढरी रेघ पडत जायची. रेघ वाकडी गेली की सगळी धावत जायची आणि मातीत बसून शोधायची की कोणत्या आज्ञेला बिघडलं. तपासणी होईपर्यंत दर शनिवारी हेच चाललं. व्हरांड्यातून ते दिसायचं. कदम सरांच्या संगणकखोलीच्या खिडकीतूनही दिसायचं.

अधिकारी आले. अ तुकडीनं झकास काम दाखवलं. सातचा पाढा पडद्यावर झरझर उतरला, मग नावं, मग बेरजा. अधिकारी खूश झाले. एकानं सहज एका हुशार मुलाला म्हटलं, "हाच पाढा उलटा दाखव बघू. सत्तर आधी, सात शेवटी." ओळीत छोटा बदल होता. मुलगा पडद्याकडं बघत उभा राहिला. मग दुसऱ्याला विचारलं. मग तिसऱ्याला. मुलांना ओळी तोंडपाठ होत्या, आकड्यासकट. त्यांतली कुठली हलवायची ते एकालाही सांगता येईना. अधिकाऱ्यांनी हसून विषय सोडून दिला, जेवले, चांगला शेरा लिहिला आणि गेले. मैदानाकडं कुणी बघितलं नाही.

शाळेच्या दृष्टीनं सगळं छान झालं होतं. पण कदम सर दोन दिवस संगणकाच्या खोलीत एकटेच बसून होते. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते बाईंच्या टेबलाशी आले आणि किल्ली समोर ठेवली.

"बाई, सुरुवात तुमी करा. सगळ्या तुकड्यांची. कासव चालायला लागलं की मंग मी बेसिक शिकवतो. माझ्या पोरांना पाठ येतंय, पण चालता येत न्हाई."

बाईंनी किल्लीकडं पाहिलं. "हेडसर?"

"त्यांना मी सांगतो." सर गेले नाहीत. उभेच राहिले. त्यांचा तो दणदणीत आवाज एकदम खाली आला. "बाई, अठ्ठ्याहत्तरला मी कॉलेजात होतो. नावाच्या इरोधात मोर्चात होतो मी. कुणाच्या घरावर गेलो न्हाई, पण घोषणा…"

"माहीत हाय मला, सर," बाई म्हणाल्या. "परभणी काय लय मोठी न्हाई." मग म्हणाल्या, "किल्ली घेते मी. पण त्याचा हिशेब ह्या किल्लीत घालू नका. ते येगळं हाय."

सरांनी मान हलवली. बाईंनी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. "बसा. थंड व्हायलाय."

त्यानंतर पाच-सहा वर्षं दोघांनी मिळून शिकवलं. आधी बाई, मग सर. एकही मूल खोलीबाहेर राहिलं नाही. वच्छला दहावीला माझ्या विषयात काठावर पास झाली, पण शनिवारी लहान मुलांना कासव तीच शिकवायची आणि मोठ्यानं शिकवायची. पुढं तिला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. पुढं यंत्रं थकली. एकाचा पडदा गेला, दुसऱ्याची बटणं. सुटे भाग कुठंच मिळेनात. नव्या तऱ्हेचे संगणक शहरातल्या खासगी क्लासमध्ये आले आणि आमची खोली हळूहळू नकाशे नि तुटक्या बाकांनी भरली. बाईंनी एकदा आत जाऊन यंत्रांवरची धूळ पुसली आणि कापड घालून ठेवलं. तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. नामविस्तार झाला. शहरात बंदोबस्त होता, शाळेत निम्मीच मुलं. स्टाफरूममध्ये सगळे पेपर चाळत होते. शेवटी हेडसर म्हणाले, "बाई, झालं एकदाचं तुमच्या मनासारखं."

बाई खिडकीजवळ उभ्या होत्या. "नाव झालं, चांगलं झालं सर. लय माणसं झिजली त्यापायी." मग वळल्या. "पण ह्या नावापायी माझा बाप गेला, अन् त्याचं नाव ह्या खोलीत एकालाबी माहीत न्हाई."

कुणी वर बघेना. मीही नाही. मला पत्रा माहीत होता, छप्पर माहीत होतं. नाव मी म्हातारीला विचारलंच नव्हतं.

"सटवाजी," कोपऱ्यातून कदम सर म्हणाले. "निवडणुकीच्या ड्यूटीच्या हुकमावर तुमचं पुरं नाव असतंय, बाई. शांता सटवाजी खिल्लारे. दर खेपेला वाचतो मी."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. घंटा झाली, त्यांनी खडू घेतला आणि वर्गावर गेल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांना औरंगाबादला, शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात जागा मिळाली. भाऊ आधीच तिकडं नोकरीला होता. निघायच्या दिवशी मी आणि कदम सर स्टेशनवर गेलो. दुपारची वेळ, फलाटावर सावली थोडीच. सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, एक वळकटी. म्हातारी वळकटीवर बसली होती. बाई तिकिटाचं बघायला गेल्या होत्या. कदम सरांनी ट्रंका सावलीत ओढल्या, तशी म्हातारीनं विचारलं, "तू कुणाचा रं, बाबा?"

"पोखर्णीचा कदम, आई."

म्हातारी जरा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. "पोखर्णीला मी खुरपायला आलते एक साल. इकडं आल्यावर. विहिरीवर पाणी वरून वतायचे. वंजळीत." हे ती रागानं म्हणाली नाही. ऊन फार आहे असं सांगावं तसं म्हणाली. "बस. गाडीला येळ हाय."

सर तिच्या शेजारी फलाटावर बसले. म्हातारीनं फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी अर्धी मोडली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि त्यांच्यापुढं धरली. हात तसाच धरून ठेवला. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खायला लागले. बाई परत आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि जिथं होत्या तिथंच थांबल्या.

गाडी आली. गर्दीत आम्ही सामान चढवलं. बाई नि आई खिडकीशी बसल्या. सरांच्या हातात शेवटचा घास होता, ठेच्यानं त्यांना ठसका लागला होता, डोळे लाल झाले होते. म्हातारीनं खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढं केला. तेवढ्यात गाडी हलली. सर डब्याबरोबर चालत चालत घाईनं दोन्ही हातांची ओंजळ करायला लागले.

"वंजळ नको, सर," बाई म्हणाल्या. "तांब्याच घ्या."

सरांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून सदऱ्यावर सांडत होतं आणि ते चालतच होते. गाडीनं वेग घेतला. तांब्या त्यांच्या हातातच राहिला. ते तो उंच धरून धावायला लागले, तशा बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकल्या आणि हात हलवत ओरडल्या, "असू द्या, सर! राहू द्या तुमच्याकडं!"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.